दादाचा मेसेज

३ फेब्रु., सोम.
अखेर त्या ओळी उडवल्या. आमचं ऑफिस सांभाळतं त्या फॅक्टरीच्या वेबसाइटच्या कोडच्या डोक्यावर सरांनी पूर्वी एकेक फाईल नाव घेऊन ओढायला लावली होती. एक जरी गायब असली की आख्खी साइट आडवी. आता ऑटोलोडिंग. ज्या क्लासचं, म्हणजे कोडच्या तुकड्याचं, काम पडेल त्याचीच फाईल त्या वेळी शोधायची, बाकीच्या झोपू देत. साइट पळायला लागली. सर म्हणाले, "बरंय, पण सगळे आधीच हजर असले की मला झोप लागते." म्हटलं, सर, जमाना बदलला. फार शहाणी मी.

५ फेब्रु.
दादाकडे जेवायला. तो त्याच फॅक्टरीत, ठेकेदाराकडे. त्याला नवीन काम समजावलं: गॅस गळला की माझा क्लास वाऱ्याची दिशा बघणार, शिफ्टवरच्या सगळ्यांना मेसेज टाकणार, कुठल्या गेटने पळायचं ते. मेसेज गेला नाही तर सर्व्हर तो जाईपर्यंत परत परत पाठवत राहणार.
"म्हंजे टाकीवरची वाऱ्याची पिशवी बगायला वर मुंडी करायला नको?"
नको.
वहिनीला म्हणाला, "आपली बाय लय हुशार हाय." मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

७ फेब्रु., शुक्र.
नवीन सगळं अपलोड करायला घेतलं. अर्ध्यावर लाईट गेली. शुक्रवार म्हणजे एमआयडीसीत लाइनची कामं, माहीत असून शुक्रवारच धरला. यूपीएसने मान टाकली. लाईट आल्यावर साइट उघडून बघितली. लॉगिन होतंय, हजेरी दिसतेय, रिपोर्ट निघतोय. झकास. गेले घरी.

१३ फेब्रु.
फॅक्टरीत मॉक ड्रिल. टेस्ट मेसेज सगळ्यांना गेला. त्याचा क्लास वेगळा, चिमुकला. खरा इशारा पाठवू नका, फॅक्टरीवाले म्हणाले, माणसं घाबरतील. दादाचा फोन: "आला गं, आला! सगल्यांना दाखवला." टाळ्यापण झाल्या म्हणे.

२० फेब्रु., गुरु.
गळती झाली. दुपारच्या शिफ्टला. दादा ऑक्सिजनवर, बोईसरच्या हॉस्पिटलात. बाकीचे बहुतेक पळाले.
मेसेज कोणालाच गेला नाही. का ते
नाही लिहवत.

२१ फेब्रु.
सर्व्हर उघडला. क्लास सापडत नाही, अशी एकच ओळ पुन्हा पुन्हा. सापडणार कसा, इशाऱ्याच्या क्लासची फाईलच तिथे नाही. त्या शुक्रवारी लाईट गेली त्यात ती राहिली. एवढे दिवस साइट तिच्याविना मजेत चालली, कारण तिला कोणी हाकच मारली नव्हती. पहिली हाक काल.
सरांच्या जुन्या ओळी असत्या तर साइट त्याच शुक्रवारी आडवी पडली असती. मी एमएसईबीला शिव्या देत परत अपलोड केलं असतं. एवढंच झालं असतं गं बाई, एवढंच!
स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. सरांना सांगितलं. म्हणाले, "कशाला हात लावू नकोस."

२२ फेब्रु.
वॉर्डाबाहेर मुकेश भेटला, दादाच्या शिफ्टचा. त्याला विचारलं, दादा का नाही पळाला? म्हणाला, "सायरन बजा तो हम भागे. तेरा भाई बोला, रुको, मेसेज आएगा, किधर जाना है बताएगा. मोबाईल हाथ में लेके खड़ा रहा."
मी जिन्यात बसले. रडूपण येईना.
आत गेले तर दादा मास्क काढून मलाच समजावतोय, "नेटवर्क नसंल गं. तुजं काय चुकलं नाय." मी मान हलवली. हो म्हटलं. शी.

२४ फेब्रु., सोम.
सर म्हणाले, चौकशीवाले बुधवारी येतायत. "फाईल चढवून टाकू. तारीख मागची घालता येते."
"नको सर."
"सगळ्यांची घरं या ऑफिसवर चालतात. तुझंपण."
मी बॅग उचलून निघाले. नको म्हटलं ते पुरे पडलं नाही, हे रिक्षात बसल्यावर कळलं.

२५ फेब्रु.
दादाला पेज भरवत होते. त्याचा फोन वाजला. लगेच पलीकडच्या खाटेवरच्याचा. मग मुकेशचा, दारात.
'गॅस गळती. मागच्या गेटने बाहेर पडा.'
माझंच वाक्य. पलीकडच्याने नळीसकट उठायचं बघितलं, वहिनी दादाचा दंड धरून ओढायला लागली. मी ओरडले, काही नाही, काही नाही, जुना आहे! सरांनी फाईल चढवली होती. अडकलेला मेसेज इतके दिवस दार ठोठावत होता, फाईल मिळाली तसा सुटला. सगळं मी लिहिलं तसंच चाललं.
दादाने दोनदा वाचलं. त्या दिवशी मागचं गेट त्याच्या पाठीशीच होतं. मग हसला, खोकला, फोन वर धरून मुकेशला दाखवला. "बग. मी बोललेलो ना, येल."
मला हळूच म्हणाला, "उद्या सायबांना हाच दाखवतो. नेटवर्कनं उशीर केला बोलतो. तुज्यावर काय येनार नाय."
पेज सांडली. पुसत बसले.

२६ फेब्रु., बुध.
वॉर्डाबाहेरच्या बाकावर. सरांचा सकाळी फोन, "तू फक्त गप्प राहा." फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. दाखवला तर दादाचं बोलणं खोटं पडणार, तेही त्याच्या तोंडावर. नाही दाखवला तर पुढच्या गळतीलाही कोणीतरी असाच मोबाईल धरून उभा राहील.
आत चौकशीवाल्यांसमोर दादाचा जबाब चाललाय. दार लोटलेलं आहे, तरी ऐकू येतंय. एक शब्द, मग श्वास, मग पुढचा शब्द.
"माज्या बयनीनं केलंय ते सायब. मेसेज आला. उशिरा आला, पन आला."
दार उघडलं. माझं नाव घेऊन हाक मारतायत.