गिरणीपाशी वळण

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही म्हणून रागावून मीही महिनाभर लिहिलं नाही. तुला ते कळलंसुद्धा नसेल, तेव्हा राग गुंडाळून ठेवून लिहायला बसले आहे.

इकडे बातमी एकच आणि ती वाईट. आमच्या गल्लीतून कचराडेपोला रस्ता काढणार आहेत. आजवर ट्रक दगडाच्या खाणीकडून वळसा घालून जायचे, आता पालिकेला तो वळसा जड झालाय. दिवसाला ऐंशी ट्रक, आमच्या खिडक्यांना घासून. नोटीस कुठे लावली होती तर पाण्याच्या टाकीच्या मागे, जिथे मांजरसुद्धा कामाशिवाय जात नाही. बालवाडीच्या बाई मुलांचा चेंडू शोधायला गेल्या म्हणून दिसली. ज्यांना लपवायचं नसतं ते असं करत नाहीत.

आखणी सरळ आहे. पिठाची गिरणी, घड्याळवाल्यांचं दुकान आणि माझं घर, तिघांची मागची बाजू जाते. माझी मागची खोली म्हणजे बायकांचं ब्लडप्रेशर बघायची, इंजेक्शनं द्यायची जागा. ती गेली तर मी दिवसभर करायचं काय?

आम्ही कमिटी केली आणि मला अध्यक्ष केलं. बत्तीस वर्षं प्रसूतिगृहात काढल्यामुळे गल्ली मला अजून सिस्टरच म्हणते, आणि इथल्या निम्म्या लोकांना जगात मीच ओढून काढलंय, त्यामुळे माझ्यापुढे कोणी आवाज चढवत नाही. राहती घरं पाडून रस्ता नेता येत नाही, याच मुद्द्यावर सुनावणीत भांडायचं ठरलंय. हे बाहेर बोलायचं नाही असंही ठरलंय. तुला सांगते, कारण तू काय बाहेरचा थोडाच.

एकाच माणसाचा भरवसा वाटत नाही. शेजारचे घड्याळवाले. तीन वर्षं झाली इथे येऊन, पण बोलणं मोजून मापून. दर मंगळवारी कापडी पिशवी घेऊन पालिकेच्या ऑफिसात जातात आणि दोन-दोन तास बाहेर येत नाहीत. साध्या माणसाचं तिथे एवढं काय काम असतं?

नकाशाची प्रत सोबत आहे. तू जन्मभर नकाशेच काढलेस, अजूनही कुणाच्या तरी ऑफिसात काढतोसच. जरा नीट वाचून यात खोट कुठे आहे ते कळव.

तुझ्या बायकोला म्हणावं, हा पत्र लिहीत नसेल तर त्याचा चहा बंद कर. माया आहे तशी असू दे.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चहा दोन दिवस खरंच बंद झाला होता, म्हणून आधी हे लिहितो.

नकाशा पाहिला. त्यात खोट अशी काही नाही, पण हे काम अजून कच्चं आहे, इतक्यात काळजी करू नकोस. गिरणीपाशी रस्ता वळला की तुमच्या तिघांच्या मागच्या भिंतींना हात लागत नाही. तुझी खोली राहील, हे माझ्याकडून लिहून घे.

मात्र तू फार पुढे होऊ नयेस असं मनापासून वाटतं. अध्यक्षपद दुसऱ्या कुणाला दे. सुनावणीला तर नाहीच गेलीस तर बरं. गुडघे दुखतात म्हणतेस, मग चार दिवस इकडे ये. गच्चीवर ऊन छान येतं. हीसुद्धा तेच म्हणते.

घड्याळवाल्यांबद्दल उगाच मनात काही आणू नकोस.

लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
धाकटा


२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी म्हणत होते ते खरं निघालं. मंगळवारी, म्हणजे पंचवीस तारखेला, पालिकेच्या फळ्यावर नवा नकाशा लागला. आता रस्ता गिरणीच्या अलीकडे एकदम वाकडा होतो, आमची तिन्ही घरं सोडतो आणि बालवाडीच्या अंगणातून जातो. जिथे मुलांची घसरगुंडी आहे तिथून. म्हणजे राहतं घर एकही पडत नाही आणि आमचा मुद्दाच हवेत गेला. कमिटीत काय ठरलं ते यांना कसं कळलं? कुणीतरी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. दुकान वाचलं कुणाचं, आणि मंगळवारी ऑफिसात असतं कोण.

काल बालवाडीच्या खोलीत बैठक झाली. त्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही सगळे गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. मीच उठले आणि घड्याळवाल्यांना सर्वांदेखत विचारलं की ते दर मंगळवारी पिशवीतून काय नेतात. ते म्हणाले की पालिकेच्या मोठ्या घड्याळाचं काम करतात. त्यावर गिरणीवाले हसले, मग सगळेच. ते घड्याळ चार वर्षं चारला वीस मिनिटांवर बंद आहे हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घड्याळवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि निघून गेले. आज दुकान बंद आहे. दुपारी दारावर कुणीतरी खडूने "फितूर" असं लिहून गेलं.

मी बरोबर केलं असंच वाटतं. पण रात्री दोनदा उठून त्यांच्या दुकानात दिवा आहे का ते पाहिलं.

गल्लीतले लोक आता माझ्याकडेही जरा वेगळंच बघतात. खोली माझीही वाचली ना. बालवाडीच्या बाई हसल्या, पण नेहमीसारख्या नाही.

तू सुनावणीला जाऊ नको म्हणालास. दोन एप्रिलला आहे. मी जाणार.

मायेत अंतर पडू देऊ नको.

तुझी,
ताई


५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. घड्याळवाल्यांना त्रास देऊ नका. दारावरचं पुसून टाक, तू स्वतः. त्यांचा यात काही संबंध नाही. मला हे कसं माहीत ते विचारू नकोस, फक्त माझं ऐक.

तुझा,
धाकटा


११ मार्च

धाकट्या,

आज आशीर्वाद सावकाश देईन, आधी हे वाच.

तुझी चिठ्ठी आली आणि मला चैन पडेना. इतक्या लांबून एखाद्याचा संबंध नाही हे ठामपणे कोण सांगू शकतं, तर ज्याला खरा संबंध कुणाचा ते माहीत आहे तोच. मी ड्रॉवर उघडून तुझी पत्रं काढली आणि तारखा पाहिल्या. प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटाला पट्टी बांधताना तारीख-वेळ दोनदा वाचायची सवय, ती अजून गेली नाही.

नवा नकाशा लागला पंचवीस फेब्रुवारीला. तुझं पत्र पंधराचं. मी तुला पाठवला तो नकाशा सरळ रेघेचा. आणि तू लिहितोस, गिरणीपाशी रस्ता वळला की आमच्या भिंतींना हात लागत नाही. गिरणीपाशी वळतो हे तुला दहा दिवस आधी कुणी सांगितलं?

मग मी पालिकेत गेले आणि फळ्यावरचा नकाशा चष्मा लावून जवळून पाहिला. आकडे हाताने घातले आहेत. नऊचं शेपूट आत वळवून वर न्यायचं. तुला शाळेत त्यासाठी छडी बसली होती आणि मी तुझी वही लपवली होती.

खरं काय ते लिही. गोड काही लिहू नकोस.

ताई


१७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

वि. वि. लिहायचं धाडस होत नाही.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी तोच नकाशा माझ्या टेबलावर होता. हे काम आमच्या ऑफिसला मिळालंय हे मी तुला सांगितलं नव्हतं. काम हाती आलं तेव्हा वाटलं होतं, गल्ली तुझी नसेल. मग घरं मोजली. कोपऱ्यावरून सातवं, तुझं.

मी साहेबांना म्हणालो की राहती घरं जातात या मुद्द्यावर लोक अडून बसतील, जरा वळण दिलं तर हरकतच उरणार नाही. साहेब खूश झाले. तुमच्या बैठकीतलं तू मला विश्वासाने लिहिलंस आणि मी ते त्यांच्या हातात नेऊन दिलं. फितूर मी आहे, ताई. घड्याळवाले नाहीत.

जागेवर मोजायला कोणी गेलं नाही. मी टेबलावर बसून पट्टी सरकवली. डोळ्यांपुढे तुझी मागची खोली होती. बालवाडीचं अंगण नकाशात नुसता रिकामा चौकोन दिसतं, त्यात घसरगुंडी नसते. इतक्या तोकड्या वळणावर भरलेला ट्रक नीट वळत नाही, मागचा भाग बाहेर फेकला जातो. चाळीस वर्षांच्या नोकरीत हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. तरीही काढलं.

तुझ्यासाठी केलं असं म्हणणार नाही, तू ते अंगावर घेणार नाहीस. एवढंच मागतो की माझं नाव घेऊ नकोस. साहेबांनी बजावलंय. दोन वर्षांनी मी थांबणारच आहे.

तुझा,
धाकटा


२६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा माझा. पिशवीबद्दल भर बैठकीत मी विचारलं होतं, तू नाही.

काल मंगळवार होता. पालिकेत गेले. जिन्याच्या वर, घड्याळाच्या मागे एक कोंदट जागा आहे. घड्याळवाले शिडीवर उभे होते, तोंडात स्क्रू, हात तेलाने काळे. घड्याळाचं एक दातेरी चाक मोडलंय, तसं आता मिळत नाही, म्हणून ते घरी घासून घासून नवं करताहेत. हे चाललंय आठ महिने. मी शिडीखाली उभी राहून माफी मागितली आणि नकाशा कुणी काढला तेही सांगितलं. ते खाली उतरले नाहीत. म्हणाले की बैठकीत सगळे होते, इथे ते एकटे आहेत.

बरोबरच आहे त्यांचं.

दोन तारखेला मी सर्वांपुढे सांगणार आहे. खोली गेली तर जाऊ दे. बायकांचं ब्लडप्रेशर मला स्वयंपाकघरातही बघता येतं. तुझं नाव मी घेणार नाही, पण नकाशा काढणारा माझा भाऊ आहे हे म्हणेन. मला एकच भाऊ आहे. त्यापेक्षा तू ये. तुझ्या तोंडून निघालं तर ती साक्ष होईल, माझ्या तोंडून निघालं तर चुगली.

अकराला सुरू होतं. येणार असशील तर आदल्या दिवशी ये, अंथरूण घालून ठेवते.

तुझी,
ताई


८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुनावणीनंतर तू माझ्याशी बोलली नाहीस आणि बसपर्यंत आली नाहीस. गर्दीत तुला लोकांनी घेरलं होतं, मी ते गर्दीमुळेच असं धरून चाललो आहे.

तू आधी घड्याळवाल्यांची सर्वांसमोर माफी मागितलीस तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. खरं सांगतो, तोवर उठायचं की नाही ते ठरलं नव्हतं. मग अधिकाऱ्यांनी विचारलं की या वळणाची मोजणी जागेवर कोणी केली, आणि माझे पाय आपोआप उभे राहिले. मी म्हणालो की कोणीच केली नाही, मी पट्टीने काढलं. त्यांनी विचारलं, कशासाठी. मी म्हणालो की समोर उभ्या आहेत त्या बाईंचं घर वाचवायला, मी त्यांचा भाऊ. गिरणीवाले काहीतरी बोलले. ते मी ऐकलं नाही असं मी ठरवलंय.

दोन्ही नकाशे रद्द झाले, नव्याने मोजणी होणार. रस्ता कायमचा टळला असं समजू नकोस. सहा महिन्यांनी ते परत येतील, कदाचित तुझ्याच खोलीवरून. मला ऑफिसाने दुसऱ्याच दिवशी नोकरीवरून काढलं. ही म्हणाली की बरं झालं, निदान जेवताना आता माझ्याकडे बघता येतं.

मला तुमच्यासाठी एक नकाशा काढायचा आहे, खाणीकडचा जुना रस्ता रुंद करता येईल असा. पण माणसाने चालून मोजल्याशिवाय एक रेघही मी आता ओढणार नाही. मी तिकडे आलो तर लोक आकडेच खरे मानणार नाहीत. टेप पाठवतो आहे. दर वीस मीटरला रुंदी घे, दोन्ही कडांपासून.

रागव, पण पत्र पाठव.

तुझा,
धाकटा


२६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आणि खरोखर उत्तम आशीर्वाद.

बसपर्यंत आले नाही ते गर्दीमुळे नव्हे. तुझ्याजवळ आले असते तर तुला मारलं असतं नाहीतर रडले असते, आणि दोन्ही गल्लीसमोर नको होतं.

टेप मिळाली. अध्यक्षपद सोडलं, आता ते बालवाडीच्या बाईंकडे आहे. गिरणीवाले अजून बोलत नाहीत. पीठ देतात, मान वळवून. माझ्या घरी काय लिहिलं जातं आणि कुठे जातं याची लोकांना शंका येते, म्हणून हे पत्र बाईंना वाचून दाखवूनच पेटीत टाकणार आहे.

मोजायला बरोबर कोणी येईना. दोन दिवस मी एकटीच खाणीच्या रस्त्यावर टेपचं एक टोक विटेखाली दाबायची आणि दुसरं घेऊन पलीकडे जायची. तिसऱ्या दिवशी मागून घड्याळवाले आले. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाले की टेप मध्ये झोळीसारखी लोंबते आहे, आकडा चुकेल, दोन दिवसांचं सगळं परत घ्यावं लागेल. वीट बाजूला केली आणि टोक हातात धरलं.

परत पहिल्यापासून घेतलं. चार दिवस लागले, सत्तेचाळीस जागा झाल्या. आकडे सोबत आहेत. एका बाजूला माझं अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला त्यांचं, कारण मी वाचलेला एकही आकडा ते तसाच मान्य करत नाहीत. दर वेळी मला त्यांच्या कडेला बोलावून टोक माझ्या हातात देतात, रस्ता ओलांडून आकड्याकडे जातात, स्वतः वाकून वाचतात आणि मगच लिहितात.

मी धरून उभी राहते.

लोभ मागत नाही, असेल तेवढा ठेव.

तुझी,
ताई