टाकीच्या झाकणावरची लाख

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
बंदर-रस्ता उपविभाग,
सध्या मुक्काम : याच मोटारीचे मागील आसन, आंबोली घाट.

विषय : पेट्रोलच्या टाकीचे सील तोडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : "जे काय ते लेखी द्या", हा आपला आज दुपारी दोनचा तोंडी हुकूम.

महोदय,

मी खाली सही करणार, या मोटारीवर अकरा वर्षे असलेला चालक, सविनय कळवतो की मोटार बंद पडली ती पेट्रोलअभावी नव्हे. टाकी जवळजवळ भरलेली आहे.

टाकीच्या झाकणाला टाचणीएवढे भोक असते. पेट्रोल खर्च होईल तशी तेथून हवा आत जाते. रेडीच्या खाणीकडील लाल धुळीने ते बुजत आले, तेव्हापासून मोटार पंधरा-वीस मैलांवर गुदमरू लागली. कसालचे धोंडू मिस्त्री यांनी प्लग पुसले, पंप उघडला, कार्बुरेटर धुतला. दोष मिळाला नाही. तो मला मिळाला. झाकण सैल केले की फुस्स आवाज होऊन हवा आत जाई आणि मोटार चालू होई. नवीन झाकण मी दोनदा लेखी मागितले. उत्तर आले नाही.

झाकण उघडताना कारकून भाई यांनी मला पाहिले व माझ्या सदऱ्याला पेट्रोलचा वास येतो असे आपणांस कळवले. वास येतो, हे मी नाकारत नाही. टाकी उघडणाऱ्याला अत्तराचा वास कोठून येणार? त्यावरून चोरीचा ठपका ठेवून आपण आज सकाळी सावंतवाडीस झाकणावर स्वहस्ते लाख ओतली. उरलेसुरले भोक त्यात गेले.

आता सील तोडावे तर माझी नोकरी जाते, न तोडावे तर मोटार हलत नाही. नवे सील करण्याची मोहोर सावंतवाडीच्या बंगल्यावर राहिली. मोटार सोडून जाण्यास मला मनाई आहे. तीनच्या एस.टी.ने आपणही गेला नाहीत, कारण मागे मी आणि पेट्रोल दोघेच उरलो असतो.

हेही मी सोसले असते. परंतु भाईंचे बोलणे त्याआधीच माझ्या घरी पोचले होते; काल जेवताना माझी पत्नी यशोदा हिने विचारले, "खरां सांगा, पेट्रोल खंय इकलात?" एकोणीस वर्षांच्या संसारात काही कोठे विकले असे तिने मला कधी विचारले नव्हते. साहेब, मी चोर नाही.

सबब विनंती की, सील आपण आपल्याच हाताने तोडावे, कान झाकणाशी न्यावा, आणि हवा आत शिरल्याचा आवाज ऐकला, एवढे दोन ओळींत लिहून खाली सही करावी. कचेरीत प्रत ठेवली नाही तरी चालेल. मला तो कागद घरी न्यायचा आहे.

पुढील आसनावरून,
आपला आज्ञाधारक,
गुरुदास बाबली पालव

आंबोली घाट,
दि. १४ मार्च १९६३, दुपारी चार.