भिंत ओळंब्यात नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

कागद बंद! नकाशाची गुंडाळी काखेत मारून साइटवर जाणारी आर्किटेक्ट — म्हणजे मी — आजपासून पुराणवस्तू. साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, काय करणार?

यापुढे सगळं मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये. नकाशाही फोनमध्येच. जिथे खोट दिसेल तिथे बोट ठेवायचं, तोंडाने बोलायचं, फोन लिहून घेणार. ते ठेकेदाराला दिसणार, मालकाला दिसणार, साहेबांना दिसणार. कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं. ‘पारदर्शकता!’ हा शब्द ते इतक्यांदा म्हणाले की मी मनातल्या मनात त्यांचं नावच पारदर्शकराव ठेवून टाकलं. आवाज जपून ठेवायला आणि कुणी काय बदललं ते दिसायला वेगळे पैसे पडतात म्हणे. आपण फुकटातलं घेतलंय. म्हणजे काच आहे, पण दुधी!

प्रयोग माझ्याच साइटवर. दातांच्या डॉक्टरांचं घर. साहेबांची तंबी : ‘घोळ झाला तर साइट दुसऱ्याकडे. तुम्ही इथे बसून टाइल्सचे नमुने लावा.’

उभा जन्म सिमेंटच्या धुळीत गेला. मला सावलीत बसवलं तर मी आजारी पडेन. अगदी खरं लिहितेय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

फोनला मराठी येतं. बांधकामातलं येत नाही.

मी म्हणाले, ‘गच्चीवर कोबा नीट घाला.’ त्याने लिहिलं, ‘गच्चीवर कोबी नीट घाला.’ ‘आतून गिलावा राहिला’चं झालं ‘आतून गिळावा राहिला’. खाली ठेकेदाराचा प्रश्न — ‘काय गिळायचं?’ मग ‘जिना अरुंद आहे’ म्हणाले, तर ‘जिणं अरुंद आहे’. हे मात्र मी तसंच ठेवलं.

‘दाराची फट बुजवा’ला ‘दाताची फट बुजवा’! पाचच मिनिटांत डॉक्टरांनी स्वतः दुरुस्त केलं, वर शेरा — ‘दात माझ्या खात्यात. तुम्ही दार बघा.’ एकटीच हसत सुटले. माणूस तसा गोड आहे. भिंतीचा विषय निघेपर्यंत.

कॅमेरा फिरवला की फोन मापही देतो. फिरवला. मध्ये ठेकेदार उभा. भिंतीची जाडी त्याच्या पोटासकट आली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंत! स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधली. छताचा काडीचा भार तिच्यावर नाही, पण या घरातलं सगळं भांडण तिच्यावर उभं आहे.

डॉक्टरांच्या बायकोला ती नको. ‘मी काय जन्मभर भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक करू? बाहेर सगळे खिदळणार, आणि मी आतून ओरडून विचारायचं — काय झालं हो?’ डॉक्टरांना हवीच. ‘तळणाचा वास बैठकीत? चार माणसं येतात घरी!’ ‘येतात ती खायलाच येतात!’

आज बाईंचे भाऊही आले होते, बहिणीची वकिली करायला. तिथेच बिनसलं. डॉक्टर लालबुंद. ‘मी जिवंत असेपर्यंत ही भिंत होणार आणि राहणार! पडली तर नाव बदलीन!’ मेहुण्यांसमोर काढलेला शब्द. आता तो परत कसा घेणार माणूस?

बाईंनी पर्स उचलली. जाताना गाडीत मागे बसल्या. पुढे डॉक्टर एकटे, शेजारची सीट रिकामी. मला फार वाईट वाटलं. नकाशात मी कितीही भिंती हलवीन, पण हे माझ्या हातातलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

फोनने आज विचारलं, ‘आपण समाधानी आहात का?’ नवऱ्याने इतक्या वर्षांत विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भिंत उभी राहिली. वाकडी! ओळंबा सोडून पाहिला — दोरी सरळ, भिंतीचं पोट पुढे. ठेकेदार म्हणतो, ‘गिलाव्यात जिरून जाईल.’ याच्या गिलाव्यात आजवर काय काय जिरलंय!

निघताना नोंद बोलले : ‘स्वयंपाकघराची भिंत पाहा, ओळंब्यात नाही.’ फोनने लिहिलं, ‘आळंब्यात नाही’. दुरुस्त केलं, पाठवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भिंत नाही!!

साइटवर पोचले, तर बैठकीतून थेट स्वयंपाकघराची खिडकी दिसतेय. मधे विटांचा ढीग. ढिगाशेजारी ठेकेदार, पहिला नंबर आल्यासारखा चेहरा.

‘मॅडम, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमची सूचना एका झटक्यात कळली. सकाळी वाचली, लगेच हाणली.’

‘मी फक्त पाहायला सांगितलं होतं!’

त्याने फोन पुढे धरला. ‘स्वयंपाकघराची भिंत पाडा, ओळंब्यात नाही.’ नोंद माझ्या नावाची. खाली हिरवी खूण — काम पूर्ण. फोटोही टाकलाय, त्यात स्वतः हसतोय.

सिमेंटच्या पोत्यावर बसले. मी ‘पाहा’ म्हणाले. म्हणाले ना? आळंबीच्या नादात बाकीचं वाक्य वाचलं का मी? आठवतच नाही. आणि मला ती भिंत मनातून नकोच होती, हेही खरं. मनातलं ओठांवर आलं असेल का?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पारदर्शकरावांनी बोलावलं. ‘हे काय?’ मी म्हणाले, ‘फोनने चुकीचं ऐकलं.’ ‘फोन चुकत नाही, माणूस चुकतो.’ कोबीचं उदाहरण दिलं. म्हणाले, ‘कोबीने कुणाची भिंत पडली नाही.’

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘तू “पाहा” म्हणतेस तेव्हा मलाही नेहमी “पाडा”च ऐकू येतं.’ मेला!

शनिवारी डॉक्टर नवरा-बायको साइटवर येणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आले. डॉक्टरांनी दारातूनच सुरुवात केली. ‘कुणी पाडली? कुणाला विचारून? हे घर आहे की खेळ?’ मी मान खाली घालून उभी. ठेकेदार विटा मोजायला लागला, कधी नव्हे ते!

बाई मात्र सरळ आत गेल्या. ओट्यापाशी उभ्या राहिल्या, वळून पाहिलं. म्हणाल्या, ‘अहो, तिकडे बसा बरं जरा.’ डॉक्टर ओरडता ओरडता थांबले. सिमेंटच्या पोत्यांवर जाऊन बसले.

‘दिसताय,’ बाई म्हणाल्या.

एवढंच. मला कसंसंच झालं. इतके दिवस चार माणसं घसा फोडत होती, आणि बाईंना हवं होतं ते एवढंसं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग एकदम आवाज चढवून, ‘पडलीच आहे तर पडू दे! आता परत कोण बांधत बसणार! पण मॅडम, चूक तुमची!’ तिथेच मेहुण्यांना फोन लावला. ‘मी नाही हो पाडली! आर्किटेक्टची चूक! हो, शंभर टक्के तिची!’ किती वेळा सांगावं एखाद्याने?

जाताना बाई गाडीत पुढे बसल्या. त्यांचं जुळलं, माझं नाव गेलं. बरं वाटलं आणि रडूही आलं, दोन्ही खरं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साइट काढून घेतली. टाइल्सचे नमुने लावतेय. ‘हस्तिदंती’, ‘मोती’, ‘साय’, ‘चांदणं’ — चारही पांढऱ्याच! दिवसभर एसीत बसून सर्दी झाली. ठेकेदाराचा फोन आला. ‘मॅडम, नवीन साहेब बूट खराब होतील म्हणून गच्चीवर येत नाहीत. तुमची आठवण येते.’ याने भिंत पाडून माझी ही गत केली, आणि तरी त्याचा आवाज ऐकून मला बरं वाटलं!

१९ फेब्रुवारी, बुधवार

अक्कलदाढ ठणकतेय. या वयात! नवरा म्हणतो, ‘आता येतेय होय?’ वर म्हणतो, ‘दातांचे डॉक्टर ओळखीचे आहेत की.’ त्यांच्यापुढे तोंड उघडायची सोय राहिलीय का मला?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटी गेलेच. सहन होईना. आडवं केलं, तोंडात कापूस, आरसा, नळी. सुई टोचली, अर्धी जीभ गार. मग डॉक्टरांनी नर्सला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

‘मॅडम, हलू नका. तुम्ही “पाहा”च म्हणाला होतात. “हा”चा “डा” मी केला. ती गाडीत मागे बसायला लागली आणि मला काही सुचेना हो. मेहुण्यांपुढे तर नाक वर करून बसलेलो! तुमच्या साहेबांना आत्ताच सांगितलंय, साइटवर त्याच मॅडम हव्यात, नाहीतर काम थांबवा. पण हिला कधी कळू देऊ नका.’

मी सगळा जीव एकवटून ‘आँ! आँ आँ!’ केलं.

‘दुखतंय का?’ म्हणाले, आणि अजून एक सुई दिली.