झाकणाखालचे सॉसेज

१२ फेब्रुवारी, सोमवार
लेकीचा फोन. रविवारी येतेय, ‘त्याला’ घेऊन. गेलं वर्षभर मी या मुलाला भेटायचं टाळतोय, असं बायकोचं म्हणणं. टाळत नाही, कामात होतो. आता मात्र छाप अशी पाडायची की मुलगा गारच पडला पाहिजे. ठरलं: स्वयंपाक मी करणार. लांब पाव, त्यात सॉसेज, सिमला मिरची, कांदा, टोमॅटोची दाट ग्रेव्ही, वर चीज. सगळं स्लो कुकरमध्ये, म्हणजे विजेवर तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या भांड्यात. सकाळी भांड्यात टाकायचं, दुपारी काढायचं. मधे करण्यासारखं काही नाहीच. बायकोला बजावलं, रविवारी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. ती इतक्या चटकन हो म्हणाली की अपमानच वाटला.

१४ फेब्रुवारी, बुधवार
रंगीत तालीम. ऑफिसला निघताना कुकर लावला. दिवसभर खुशीत. अकाउंट्सच्या बाईंना कृती सांगितली, त्यांनी विचारलेली नसताना.
संध्याकाळी: कुकर ‘वॉर्म’वर होता. कांदे सकाळइतकेच टवटवीत, सॉसेज कोमट. सगळं फेकलं. ‘वॉर्म’ आणि ‘लो’ इतके खेटून छापतात का कोणी? ब्रेड-जॅम खाल्ला.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
आज बटण बरोबर. सॉसेज शिजले, पण पार पांढरेफटक. बायको म्हणाली, आधी तव्यावर परतले असते तर... वाक्य पुरं करू दिलं नाही. पाणी मी बेताचंच घातलं होतं, भाज्यांनी आपलं आपण सोडलं, त्याला मी काय करणार. पावाचा हातात लगदा. ओघळ कोपरापर्यंत. पाव निकृष्ट होता. बेकरी बदलणे.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
कुकरची माहितीपुस्तिका वाचली. ठळक अक्षरांत: शिजताना झाकण उघडू नये, वाफ जाते, वेळ वाढतो. या सूचना सर्वसामान्य लोकांसाठी असतात.

१७ फेब्रुवारी, शनिवार
लेक फोनवर म्हणाली, बाबा, उद्या बाहेर जेवू या का? आवाजात काळजी. म्हटलं, तू फक्त ये. मग म्हणाली, त्याला तुमच्याशी बोलायचंय. म्हटलं, जेवताना बोलू. तोंडात घास असला की माणूस फार बोलत नाही. ही युक्ती कोणाला सांगितलेली नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी. सॉसेज आधी तव्यावर परतून घेतले. माझीच कल्पना. पाणी थेंबभरही नाही. आज झाकणाला हात लावायचा नाही.

जरा वेळाने. एकदाच पाहिलं.

दुपारी १. आले. हात मिळवला, माझ्या हाताला कांदा. नीट बघायला सवड नव्हती, कुकरमध्ये खदखदायला हवं होतं ते खदखदत नव्हतं. पाहून आलो. तीनचार वेळा.

दुपारी २. बायको दारात, जरा बाहेर येऊन बसा म्हणाली. अशा वेळी भांडं सोडून जाता येत नाही हे हिला कधी कळणार.

दुपारी अडीच. हॉलमधून हसण्याचा आणि टाळ्यांचा आवाज. वास पोचला वाटतं.

दुपारी ३. मुलगा स्वतः स्वयंपाकघराच्या दारात. काका, दोन मिनिटं बोलायचं होतं, म्हणाला. मी पाठमोराच. हातात झाकण. म्हटलं, आता ऐन मोक्याची वेळ आहे, जेवताना बोलू. थोडा वेळ उभा राहिला. मग बरं म्हणून गेला. सुशील वाटला. आवाजावरून.

संध्याकाळी ५. जमलं! रंग, दाटपणा, चीज, सगळं. घरात असं काही आजवर झालेलं नाही. ट्रे भरून बाहेर नेला.
हॉलमध्ये बायको एकटीच. म्हणाली, त्यांची गाडी होती, गेले. निघताना हाक मारली होती. एक्झॉस्ट फॅन चालू असेल, मला ऐकू आली नाही. आणि उपाशीपोटी गेले? तर म्हणे, खाऊनच आले होते. बायकोनेच काल लेकीला तसं सांगून ठेवलं होतं.
मग म्हणाली, मे महिन्यात लग्न करतायत. त्याला तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, तेव्हा लेकच म्हणाली, चल, बाबा असेच आहेत.
बायकोने एक सँडविच घेतलं. सावकाश खाल्लं. चांगलं झालंय म्हणाली, आणि चेष्टेने नाही. मी उरलेल्यांवर झाकण घातलं. शेवटी विचारलं, मुलगा दिसायला कसा आहे.
बायकोने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, उंच आहे.