नणंदेच्या दारी गेलेला किनारा

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
तलाव किनारा संरक्षण विभाग.

विषय : वाळू टाकूनही आमच्या घरासमोरील किनारा खचत असल्याबाबत व त्याची पाहणी दुसऱ्याच जागी झाल्याबाबत.

संदर्भ : "आपला किनारा समाधानकारकरीत्या वाढला आहे" असे कळवणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

संदर्भीय पत्र मी तलावाकडच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून वाचले. त्या वेळी माझे पाय तलावात होते.

१. आपल्या विभागाने गेल्या वर्षी आमच्या घरासमोर बारीक, पांढरी, दिसायला सुरेख वाळू टाकली. इथे लाटा काठावर तिरप्या येतात. त्या बारीक वाळू उचलून वळणापलीकडे नेतात आणि तिथल्या संथ पाण्यात ती खाली बसते. तिथे माझ्या नणंदेचे घर आहे.

२. खात्रीसाठी मी उरल्यासुरल्या वाळूत विटेचा लाल चुरा मिसळला. आठवड्याभरात नणंदेच्या अंगणापुढे लाल पट्टा उमटला. तिचा निरोप आला, "वहिनी, रंग छान आहे. पुढच्या खेपेला पिवळा जमेल का?"

३. वाळूमागोमाग आपला 'किनारा पुनर्भरण स्थळ' हा लाकडी फलकही वाहत तिकडेच गेला. नणंदेचे यजमान नीटनेटके गृहस्थ असल्याने त्यांनी तो पुसून दारापुढे रोवला. पाहणीस आलेल्या आपल्या अधिकाऱ्यांनी फलक दिसला तिथे टेप लावली, चहा घेतला आणि आमचा किनारा वाढल्याची नोंद केली. मी वळणावरून हात केला. त्यांनीही हसून हात केला.

४. सासूबाईंची उन्हात बसायची खुर्ची काठावरून मागे सरकत आता स्वयंपाकघरात आली आहे. "यापुढे शेगडीवर बसू का?" असे त्या रोज विचारतात. पायरी गेली की पाणी थेट भिंतीच्या पायाला लागेल.

तरी विनंती की, या वेळी लाटेला सहज न उचलता येणारी जाड, खडेमिश्रित वाळू टाकावी, उतार सौम्य ठेवावा आणि काठाशी लव्हाळी लावावी. फलक खडकाला बांधावा. तसेच पुढील पाहणी फलक शोधून नव्हे, तर आमचे घर शोधून करावी. चहा आम्हीही देऊ.

या अर्जाचे उत्तर कृपया आमच्या घरी पाठवावे. घर जागेवर न आढळल्यास नणंदेकडे द्यावे. आमचे सगळे शेवटी तिकडेच पोहोचते.

अद्याप काठावर असलेली,
आपली नम्र,
(सही)
वळणाअलीकडच्या घरातील सून

दिनांक : ७ मार्च

सोबत : लाल वाळूची पुडी, एक. (नणंदेने एवढीच दिली.)