परतीच्या खुणा

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचे. बाबांची चाकाची खुर्ची, दोन ट्रंका, एक कुंडी आणि मी. उपनगराला लागून असलेल्या रानातल्या पायवाटांची देखभाल करायची नोकरी, वर फाटकाशेजारी दोन खोल्या फुकट. पाय गेल्यापासून बाबा तिसऱ्या मजल्यावर कोंडून पडले होते. इथे खुर्ची दारात लावली की समोर झाडंच झाडं. स्वारी खूश आहे. मला म्हणाले, तू जन्मभर मला वाटेला लावत आलीस, आता पगार घेऊन लोकांना लाव.

वाटा तीन. लाल वाट तळ्यापर्यंत, पिवळी टेकडीला वळसा घालून, निळी सरळ वरच्या माळावर. झाडांच्या खोडांवर त्या त्या रंगाचे पट्टे आहेत, ते बघत चालायचं. लहान पोरगंही चुकणार नाही.

बुधवार, ५ तारीख
सकाळी फिरायला येणारी मंडळी तोंडाला कुलूप लावून येतात. मी हसते, ते माझ्या बुटांकडे बघतात. त्यांच्या मंडळाच्या चिटणीस बाई तेवढ्या बोलल्या, तेही हुकूम सोडल्यासारखं. निळ्या वाटेला हात लावायचा नाही. का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या की आधीच्या माणसाने कधी विचारलं नव्हतं. मला असल्या उत्तराचा फार राग येतो.

गुरुवार, ६ तारीख
निळी वाट पाहून आले. आधीच्या माणसाचा आळस काय सांगावा. पट्टे फक्त खोडाच्या उताराकडच्या बाजूला, चढताना दिसतील असे. उतरताना एक खूण दिसेल तर शपथ. साधा नियम आहे, प्रत्येक झाडाला दोन पट्टे, एक जाण्याचा, एक येण्याचा. वर गेलेल्याने परत यायचं कसं? मी स्वतः दोनदा चुकले.

शनिवार, ८ तारीख
दोन दिवस खपून माळापासून फाटकापर्यंत चाळीस झाडांवर परतीचे पट्टे मारले. खांदे भरून आलेत. काम मात्र देखणं झालंय, बाबांना दारातून शेवटचा पट्टा तिरका दिसतो. माळावर एकही पक्षी नव्हता, एवढंच जरा खटकलं.

सोमवार, १० तारीख
वरचे सात पट्टे कुणीतरी पुसलेत. फक्त माझे, परतीचे. मंडळाचाच उद्योग, दुसरं कोण करणार. तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून हे असले धंदे. बाबा म्हणतात, सोडून दे. मी सोडणार नाही.

बुधवार, १२ तारीख
वीस गेले.

आज जवळून बघितलं. खरवडलेले नाहीत. साल ओली आणि चिकट आहे, रंग चाटून घेतल्यासारखी. झाडांमधलं गवत आडवं झालंय, सगळं खालच्या बाजूला.

चिटणीस बाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी आधी उरलेले पट्टे मोजले. मग सांगितलं. वर जे आहे, ते आधी खाली होतं, घरांमध्ये. त्याला वाट कळत नाही, फक्त खूण कळते. त्यांच्या वडिलांच्या पिढीने एकेक पट्टा दाखवत त्याला माळावर नेऊन सोडलं. उतरायची खूण ठेवलीच नाही. ती मी ठेवली.

मी म्हटलं, हे आधी सांगायला तुमचं काय जात होतं? त्या म्हणाल्या, असं नवख्या माणसाला सांगितलं असतं, तर तो नोकरीवर टिकला असता का?

गुरुवार, १३ तारीख
पहाटेपासून उरलेले पट्टे खरवडतेय. खालून वर. अकरा झाले. बाराव्या झाडाशी गेले तर वरच्या झाडाची फांदी हलत होती, वारा नसताना. पळत आले.

दुकानदाराकडे गाडी मागितली, बाबांना हलवायला. त्याने शटर ओढलं. खुर्ची ढकलत निघाले तर रस्त्याच्या तोंडाशी गाड्या आडव्या लावलेल्या. फिरायच्या काठ्या हातात घेऊन सगळे उभे. बाबांनी त्यांना नमस्कार केला. मला रडू आलं.

शुक्रवार, १४ तारीख
मी खरवडलेल्या झाडांवर परत पट्टे आलेत. माणसांच्या हातचे, घाईत मारलेले. फाटकावर एक, आमच्या पायरीवर एक, दारावर एक.

समजलं. खूण मध्येच तुटली तर ते गावभर फिरेल. म्हणून त्यांनी ती आमच्यापाशी संपवलीय.

दार घासतेय. हात सोलवटलेत. बाबांना काहीच सांगितलेलं नाही. ते विचारतात, रंग चांगला होता की, काढतेस कशाला?

शनिवार, १५ तारीख
दार साफ. पायरी साफ. फाटकाचा राहिलाय — राकेल आणायला मागे शेडमध्ये गेले, पाच मिनिटं, जास्त नाही —

परत आले तर बाबा हसत होते. चिटणीस बाई येऊन गेल्या म्हणे. आणखी दोघे होते. पहिल्यांदाच कुणी घरात आलं. फार मायेने बोलले, पाठीवरून हात फिरवला.

पाठीवरून.

खुर्ची वळवली. सदऱ्यावर, मधोमध, निळा —

सदरा काढून फेकला. आतही आहे. कातडीवर. राकेलने जात नाही. घासते तसा पसरतोय. बाबा म्हणतात, दुखतंय गं, हळू —

बाहेरचं गवत आडवं होतंय. फाटकावरचा पट्टा आता नाही.

सदरा बाहेर टाकला — लांब, रस्त्याकडे — तिकडे वळलं नाही —

बाबांना माझ्या पाठीशी बांधलंय. खिडकीतून निघते. रंग माझ्या पाठीलाही लागला, लागू दे, निदान दोघं —

दार ओलं होतंय. आतल्या बाजूने. बाबा विचारतात, कोण आलं, आणि मी त्यांना