फ्रोसियाचं मत

११ ऑक्टोबर

घरात बसवत नाही. आज तीनदा तळघरात उतरलो. पिंपात द्राक्षाचा रस फसफसतोय, त्याला माझी काही गरज नाही. तरी उतरलो. दरवर्षी फ्रोसिया वरून ओरडायची – "इलारियोन, त्याला एकट्याला आंबू दे!" या वर्षी कोणी ओरडत नाही. मीच वर येतो.

ती जाऊन महिना झाला.

१२ ऑक्टोबर

शेजारची अकुलिनामावशी आली. ऐंशी वर्षांची बाई, पण काठीसुद्धा दटावल्यासारखी आपटते.

"फ्रोसियाचा चाळिसावा दिवस रविवारी पडतो, आणि रविवारीच मतदान. तू जेवण शनिवारी घाल. आधी मेलेल्यांचं, मग सरकारचं!"

तिनं यादी सांगितली, मी लिहून घेतली. उशी, चादर, ताट, वाडगा, टॉवेल, कपडे. सगळं फ्रोसियाच्या नावानं लोकांना द्यायचं. इथे जे देऊ ते तिला तिकडे मिळतं, जे ठेवून घेऊ ते नाही.

"चमचा विसरू नकोस. ती काय तिकडे हातानं सूप पिणार? आणि तिचा तो तपकिरी कोट मला. का ते विचारू नकोस."

जाता जाता म्हणाली, "तिला सगळ्यात जास्त काय हवं होतं, तेही दे."

मी म्हणालो, रेडिओ.

खोटं बोललो.

१३ ऑक्टोबर

तिला हा रविवार हवा होता. मोल्दोव्हानं युरोपीय संघात जायचं, हे राज्यघटनेत लिहायचं का – हो की नाही. इस्पितळात ती डॉक्टरला म्हणाली, "मला वीस तारखेपर्यंत पोचवा. पुढचं पुढे बघू." डॉक्टरला वाटलं, घरात लग्न आहे.

तीस वर्षं आम्ही मत द्यायला बरोबर गेलो. तिचा शिक्का एकीकडे, माझा दुसरीकडे. परत येताना ती हसायची – "झालं! बेरीज शून्य. घरी थांबलो असतो तर पाव तरी भाजून झाले असते."

१५ ऑक्टोबर

माझं 'नाही' हा हट्ट नाही. ते लिहून ठेवतो.

चाळीस वर्षं या गावातली जमीन मोजली. कोणाचं कुंपण कुठे, हे मला न बघता सांगता येतं. आमच्या गल्लीत चौदा घरं, नऊंना कुलूप. युरोपात जायला व्हिसा लागेनासा झाला, त्या वर्षी एकदम तीन बंद झाली. मग आमची मुलगी ऑरिका गेली – इटलीत, बोलोन्याला, कोणाच्या तरी म्हाताऱ्या आईला सांभाळते. दार आणखी उघडलं तर मागे कोण उरणार?

फ्रोसिया म्हणायची, "कुलूप लावून गेलेत, विकून नाही. चावी खिशात आहे त्यांच्या. इथे काही बरं झालं तर येतील."

मी ऐकून घ्यायचो. पण मत बदललं नाही.

१६ ऑक्टोबर

ऑरिकाचा फोन. तिला येता येत नाही. म्हातारीजवळ बसायला दुसरं कोणी मिळेना.

"बाबा, रविवारी काय करणार?"

"कबरीवर मेणबत्ती लावणार."

"बाबा!"

मग माझ्या तोंडून गेलं – "आता माझं मत खोडणारं कोणी राहिलं नाही."

ती म्हणाली, "म्हणजे शेवटी तुम्ही जिंकलात." आणि फोन ठेवला.

१७ ऑक्टोबर

जिंकलात. दिवसभर हाच शब्द. कुंपण दुरुस्त करायला घेतलं. ते मोडलेलं नव्हतंच.

१९ ऑक्टोबर

जेवण झालं. पाद्रींनी तिचं नाव घेतलं. तिच्या नावानं शिजवलेला गोड गहू सगळ्यांना पुरला. बायकांनी वेणीसारखे गुंफलेले पाव भाजून आणले होते. एकेक वस्तू, वर पाव आणि पेटती मेणबत्ती ठेवून, दिली. घेणारा म्हणायचा, "देव तिला क्षमा करो." कोट मावशीला दिला. तिला तो टाचेपर्यंत येतो. तिथेच अंगात घातला आणि बटणं लावली. मी दुसरीकडे पाहिलं.

चमचासुद्धा दिला.

एक गोष्ट राहिली. कोणती ते मला माहीत आहे. पण मत म्हणजे उशी नव्हे! ज्यावर माझा विश्वास नाही त्यावर शिक्का कसा मारू? आणि उशी तर काय, मला नकोच होती. जे द्यायला जड जात नाही तेवढंच दिलं मी.

२० ऑक्टोबर

शाळेत मतदान. कागदावर दोन गोल. हातात शिक्का. किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाहेरून कोणीतरी – "इलारियोनदादा, आत जमीन मोजताय का?" सगळे हसले.

'हो'वर मारला.

देव तिला क्षमा करो – हे खरं घेणाऱ्यानं म्हणायचं. घेणारं कोणी नव्हतं. मीच म्हणालो.

२१ ऑक्टोबर

काल झोपेपर्यंत 'नाही' पुढे होतं. मग परदेशातली मतं आली, आणि 'हो' केसभर पुढे गेलं. म्हणजे कुलूप लावून गेलेल्यांनी ठरवलं!

ऑरिका फोनवर रडत होती. "पाच तास रांगेत उभी होते, बाबा. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटत," म्हणालो. मी शिक्का कुठे मारला ते सांगितलं नाही.

२२ ऑक्टोबर

अकुलिनामावशी आली, कोट घालून. न बसताच बोलायला लागली. "इतक्या वर्षांत मी मत द्यायला गेले नव्हते. पण इस्पितळात तिनं माझा हात सोडला नाही – 'मावशी, माझा कोट घ्या, तो घालून जा आणि माझं 'हो' तुम्ही मारा. तो एकटा मोकळा सुटता कामा नये.' तर ऐक, इलारियोन! तुझं मत मी खोडलं!"

"खोडलंत, मावशी," मी म्हणालो.

तिला शून्यच वाटू दे. दोन 'हो' झाले, ते फक्त इथे लिहून ठेवतो.